मोटर दहा मिनिटांत हवा ओढते? ती वर काढण्याआधी एवढं तपासा

संक्रांत झाली की माझा फोन वाजायला लागतो आणि पलीकडचं वाक्य ठरलेलं असतं, "दादा, मोटर पाणी टाकत नाय, जरा काढून बघता का?" गेली बावीस वर्षं मी पुरंदर तालुक्यात, कऱ्हा नदीच्या दोन्ही अंगांना, मोटरी काढायचं आणि सोडायचं काम करतो. अंजीर, सीताफळ, वाटाणा, मधूनच थोडा ऊस, असा हा पट्टा. या दिवसांत दहा बोअरांतून मोटरी उपसल्या तर सहा-सात ठणठणीत निघतात. मजुरी मला मिळते, पाणी मात्र त्याला मिळत नाही, आणि आठवड्याने पुन्हा तोच फोन. म्हणून एकदा सगळं क्रमाने लिहून ठेवतोय. फुकटचं आधी, खर्चाचं शेवटी.

लक्षणं

यातली दोन-तीन जुळत असतील तर हे तुमच्यासाठी आहे:

- सुरू केल्यावर दहा-वीस मिनिटं भरपाइप पाणी, मग पाइप फुरफुरतो आणि पाणी तुटक येतं. तास-दोन तास बंद ठेवली की पुन्हा तेवढंच.
- पाणी तुटताना पॅनेलवरचा अँपिअरचा काटा खाली येतो, किंवा ड्राय रनचं यंत्र (पाणी नसताना मोटर बंद करणारं) मोटर पाडतं.
- दिवाळीपर्यंत चिंता नाही, संक्रांतीनंतर ओढाताण, होळीला खडखडाट. आणि ही तारीख दर दोन-तीन वर्षांनी अलीकडे सरकते.
- सप्टेंबरात विहीर काठोकाठ असते, पण पाऊस थांबला की महिनाभरात झपाट्याने उतरते.
- शेजारी नवं बोअर झालं त्या वर्षापासून त्रास सुरू झाला.
- पाण्याबरोबर मुरमाची कच येते.

मोटर नुसती गुणगुणते, जळका वास येतो, फ्यूज उडतो, पॅनेलला हात लावला की झिणझिण्या येतात, असं असेल तर पुढचं वाचत बसू नका. मेन स्विच पाडा आणि वायरमनला बोलवा. तो आजार वेगळा.

खाली नेमकं काय आहे

हे समजल्याशिवाय पुढच्या तपासण्यांना अर्थ नाही, म्हणून थोडं लांबण लावतो.

जमिनीखाली नद्या वाहतात आणि पाणाड्याचा नारळ तळहातावर उभा राहिला की नदी सापडली, असा आमच्याकडे पक्का समज आहे. माझ्या स्वतःच्या रानात दोन बोअर नारळावर घेतलेली आहेत. दोन्हींत शेवटपर्यंत नुसता धुरळा उडाला, पाणी लागलं नाही. खाली नदी नसते, खडक असतो, आणि त्याच्या भेगांत, पोकळ्यांत, झिजलेल्या मुरमात मुरलेलं पाणी असतं.

महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भाग बेसाल्टवर, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणावर बसलाय. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा एकावर एक थर टाकत पसरला आणि थिजला. प्रत्येक थराचा मधला-खालचा भाग घट्ट, काळा, सुरुंगाशिवाय न हलणारा. वरच्या भागात हवेचे बुडबुडे अडकून राहिले, तो पुटकुळ्यांचा, लवकर झिजणारा. आमचे विहीर खोदणारे त्याला मांजऱ्या म्हणतात. दोन थरांच्या मध्ये बऱ्याचदा तांबड्या मातीचा पातळ पट्टा असतो. पावसाळ्यात कुठलाही घाट चढताना रस्त्याच्या कापाकडे बघा: अख्खा कडा पाझरत नाही. एका ठरावीक आडव्या रेषेतून पाणी गळतं, आणि तिच्या वरचा-खालचा दगड कोरडा असतो. ती रेषा तुमच्या गावाखालीही कुठेतरी गेलेली असते. तुमच्या विहिरीचा झरा म्हणजे त्या रेषेला तुम्ही पाडलेलं भोक.

ज्या थरात पाणी साठतं आणि ज्यातून ते पुढेही सरकतं त्याला भूजलवाले जलधर म्हणतात. साठणं आणि सरकणं, दोन्ही हवं. अनरशाला जाळी पडते, पण एका भोकातलं तूप दुसऱ्यात जाईलच असं नाही. पुटकुळ्यांच्या दगडाचं तसंच आहे. पोकळ्या ढीगभर, पण त्यांना जोडणारी भेग नसेल, किंवा त्या गारगोटीने भरून गेलेल्या असतील, तर पाणी असूनही ते तुमच्या बोअरपर्यंत येत नाही. उलट, घट्ट पाषाणात एखादी लांब आडवी भेग असेल तर ती पाणी धावत आणते, पण तिच्यात साठा जवळजवळ नसतो. नवं बोअर दोन महिने धो धो चालतं आणि तिसऱ्या महिन्यात कोरडं पडतं, ते बहुतेक वेळा अशाच भेगेला लागलेलं असतं.

साठा किती, हे ऐकलं की लोक गप्प होतात. भूजलाचा अंदाज काढायच्या सरकारी पद्धतीत झिजलेल्या, भेगाळ बेसाल्टसाठी २ टक्के धरतात. म्हणजे शंभर घनमीटर भिजलेला खडक निथळू दिला तर हाताशी येतं दोन घनमीटर पाणी. एका हेक्टराखालची पातळी एक मीटर खाली गेली तर मिळतं २०० घनमीटर, दोन लाख लिटर. आणि एका एकराला दोन इंचांची एक भरणी द्यायची तर लागतं तेवढंच, दोन लाख लिटर. अडीच एकराखालचं एक मीटर पाणी म्हणजे एका एकराची एक पाळी! उसाला अशा पाळ्या किती लागतात ते तुम्हीच मोजा.

तापीकाठच्या गाळात, जळगावकडे, वाळूच्या थराला हाच आकडा दहा-पंधराच्या घरात जातो. म्हणून तिकडच्या केळीवाल्याचा सल्ला इकडे चालत नाही. पाहुण्यांनी सांगितलेल्या निम्म्या उपायांचा घोळ इथेच होतो.

तपासणी १: दोरी सोडा

खर्च: एक दोरी, टोकाला लोखंडी नट किंवा रिकामं डबडं.

सकाळी, मोटर रात्रभर बंद असताना, पाण्याची पातळी मोजा. दोरी पाण्याला टेकली की "टप्" आवाज येतो. तिथे गाठ मारा, वर काढून टेपने मोजा, वहीत लिहा. बोअरमध्ये पाइप आणि केबलच्या बाजूने दोरी अडकू शकते, तेव्हा बारीक नायलॉनची घ्या आणि जोर लावू नका. दर पंधरा दिवसांनी हेच.

हे का? कारण पाणी "गेलं" असं सगळे म्हणतात, पण किती फूट आणि कुठल्या महिन्यात, हे शंभरात एखादाच सांगू शकतो. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशी चार वेळा घेते. तुम्ही निदान तेवढं तरी करा. जुनी माणसं विहिरीचं पाणी परसात, म्हणजे पुरुषभर उंचीच्या मापात सांगायची, "दोन परस पाणी आहे". मोजमाप तेव्हाही होतं. मोटर आली आणि माणसं विहिरीत डोकावायची थांबली.

रात्रभराच्या विश्रांतीनंतरही पातळी मोटरीच्या जेमतेम वर असेल तर प्रश्न साठ्याचा आहे, थेट चौथ्या तपासणीकडे जा. पातळी चांगली वर असून मोटर हवा ओढत असेल तर प्रश्न पाणी सरकण्याचा किंवा पाइपाचा.

तपासणी २: उतरायला किती, भरायला किती

खर्च: घड्याळ आणि २०० लिटरचा ड्रम.

ड्रम भरायला लागणाऱ्या वेळावरून मोटर तासाला किती टाकते ते काढा. मग पाणी तुटेपर्यंत चालवा, बंद करा आणि पातळी पुन्हा चढताना दर अर्ध्या तासाने मोजा.

वीस फूट व्यासाच्या गोल विहिरीत एक फूट पाणी म्हणजे साधारण ८,९०० लिटर. तासाला एक फूट भरत असेल तर झऱ्यांची आवक तेवढीच आहे. त्यावर तासाला २५ हजार लिटर ओढणारा पंप बसवला तर विहीर तासाला पावणेदोन-दोन फुटांनी उतरणारच. यात बिघाड कसलाही नाही.

बोअरचं गणित याहून कडक. साडेसहा इंची बोअरच्या एका फुटात साडेसहा लिटर पाणी मावतं. वीस फुटी विहिरीच्या एका फुटातलं पाणी साठवायला १,३६० फूट बोअर लागेल! बोअर ही टाकी नव्हे, नुसती नळी आहे. पाणी खडकाने जसं सोडलं तसंच मिळणार. आपल्या गावांत बोअर आलं तेच मुळी हापशासाठी, पिण्याच्या पाण्यासाठी, घागरी भरण्यापुरतं. तिथून आपण त्याला पाच एचपीची मोटर आणि चार एकर लावले.

बोअरवाल्याच्या "दोन इंची पाणी" या शब्दावरही जाऊ नका. काटकोनी त्रिकोणी खाचेतून पाणी वाहू देऊन त्याची उंची मोजली असेल तर १ इंच म्हणजे तासाला साधारण ५०० लिटर, २ इंच म्हणजे २,९००, आणि ३ इंच म्हणजे जवळपास ८,०००. दोन इंची पाणी एक इंचाच्या दुप्पट नसतं, साडेपाच पट असतं. आणि खाच बसवून मोजलेलं बोअर मी तरी मोजकीच पाहिलीत. बाकी सगळं डोळ्यांनी, फवारा बघून.

आवक कमी आणि मोटर मोठी, असं निघालं तर गेटव्हॉल्व्ह थोडा आवळून बघा. पूर्ण बंद करू नका, मोटर तापते. पाणी बारीक पण न तुटता येऊ लागलं तर तुमचा प्रश्न सुटला, किंवा पुढच्या वेळी कमी एचपीची मोटर घेतलीत की सुटेल. माझ्याकडे येणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांचं काम या एका वळशात भागतं आणि ते नाराज होऊन जातात, कारण त्यांना मोटर खराब निघायला हवी होती.

तपासणी ३: बोअरला कान लावा

मोटर बंद करून केसिंगच्या, म्हणजे बोअरच्या वरच्या भागात बसवलेल्या मोठ्या पाइपाच्या, तोंडाशी कान न्या. आत पाणी पडल्याचा आवाज येतोय?

बंद केल्यावर लगेच येतो आणि थोड्या वेळाने थांबतो: पाइपाला चीर आहे किंवा जोड सैल झालाय, आणि पाइपातलं पाणी परत आत पडतंय. मोटरीने वर ढकललेलं निम्मं पाणी तिथल्या तिथे गळतं. याचा खर्च थोडा. साध्या पंपाच्या विहिरीवर हीच तक्रार फूटव्हॉल्व्हची, पाइपाच्या तळाच्या झडपेची, असते.

रात्रभर बंद ठेवूनही पहाटे आवाज चालूच असेल तर गोष्ट गंभीर आहे. वरच्या थरातलं, मुरमातलं, जवळच्या विहिरीचं पाणी केसिंगखालून बोअरमध्ये उतरतंय आणि खालच्या भेगांत निघून जातंय. खोल बोअर घेताना केसिंग वाचवण्यासाठी ती वीस-तीस फुटांवर थांबवली जाते तेव्हा हे होतं. तुम्ही दोन जलधरांना भोक पाडून जोडलंत, आणि वरचा रिकामा होतोय. माझ्या चुलत्यांनी विहिरीपासून हाकेच्या अंतरावर ३८० फूट बोअर घेतलं. बोअरला पाणी जेमतेम. पण पुढच्या मार्चात विहिरीने, जी १९७२ च्या दुष्काळातही तळाला ओल धरून होती, पहिल्यांदा दम सोडला. पहाटे त्या बोअरशी उभं राहिलं की आत पाणी टपटपताना ऐकू येतं, आमच्याच विहिरीचं.

अशा ठिकाणी स्वतः केसिंग खुपसत बसू नका. वरचा भाग बंद करणं हे बोअरवाल्याचं आणि भूवैज्ञानिकाचं काम.

तपासणी ४: शेजाऱ्याची मोटर

यालाही पैसा लागत नाही. लागतं ते भावकीशी बोलायचं धाडस, म्हणून बहुतेक जण ही पायरी गाळतात.

मोटर चालते तेव्हा भोवतीच्या पाण्याच्या पातळीला खळगा पडतो. कणगीच्या खालच्या तोंडातून ज्वारी सोडली की वर कसा खळगा पडतो, तसा. खडकातून पाणी सहज सरकत असेल तर खळगा उथळ आणि पसरट होतो, अवघड सरकत असेल तर अरुंद आणि खोल. दोन मोटरींचे खळगे एकमेकांत शिरले की दोन्हीकडे पाणी तुटतं.

आणि आपल्याकडे लाइट सगळ्यांना एकाच वेळी येते. ऑटो स्विच लावलेले, त्यामुळे रात्री थ्री फेज आली की शिवारातल्या चाळीस मोटरी एका क्षणी सुरू! मग सगळ्यांची दहा मिनिटांत तुटते आणि सकाळी सगळे मला फोन करतात.

तपासायचं असं: एक दिवस तुमची आणि शेजाऱ्याची दोन्ही बंद. सकाळी पातळी घ्या. मग फक्त त्याची चार तास चालू द्या, तुमची बंदच. दर तासाला तुमची पातळी मोजा. उतरली, तर तुम्ही एकाच जलधरावर जेवताय. नाही उतरली, तर थर वेगळे आहेत, किंवा मध्ये उभ्या काळ्या दगडाची भिंत, डाइक, आहे. शंभर फुटांवर एकाला पाणी आणि दुसऱ्याला धुरळा असं दिसतं तेव्हा कधी कधी हीच भिंत आड आलेली असते.

एकाच थरावर निघालात तर उपाय पाळीचा: आज तू, उद्या मी. एकूण उपसा तोच राहिला तरी खळगे एकमेकांवर चढत नाहीत आणि हवा ओढणं कमी होतं. वाघापूरकडच्या एका वस्तीवर चार भावांना मी हे करायला लावलं. तिघांनी ऐकलं. चौथ्याने मोठी मोटर बसवली. त्या वर्षी पाचही बोअर मार्चमध्ये बसली, म्हणजे आटली, चौथ्याची दोन्ही धरून.

तपासणी ५: सप्टेंबरात विहीर भरते का?

मला विचाराल तर हा सगळ्यात कामाचा प्रश्न आहे, आणि याचं उत्तर तुम्हाला आधीच माहीत असतं.

समजा ५०० मिलिमीटर पाऊस पडला. सरकारी हिशेबात झिजलेल्या बेसाल्टमध्ये पावसाच्या ७ टक्के पाणी मुरतं असं धरतात, पुटकुळ्यांच्या भेगाळ बेसाल्टमध्ये १३ टक्के. म्हणजे ३५ ते ६५ मिलिमीटर. खडकाचा साठा २ टक्के असेल तर एवढ्यानेच पातळी पावणेदोन ते सव्वातीन मीटर चढते. साठा लहान असल्याचा हा दुसरा अर्थ: भांडं लवकर रिकामं होतं, तसं लवकर भरतंही.

आता दोन घरं पडतात.

विहीर दर सप्टेंबरात काठोकाठ भरत असेल तर तिच्याशेजारी पुनर्भरणाचा, म्हणजे पाणी जमिनीत मुरवायचा, खड्डा घेऊन काही हाती लागत नाही. भांडं भरलेलंच आहे. वर ओतलेलं पाणी ओढ्याला लागतं. तुमचा प्रश्न ऑक्टोबरनंतरच्या उपशाचा. पिकं बदला, पाळ्या बदला, ठिबक करा. ठिबक करून वाचलेल्या पाण्यावर आणखी एक एकर अंजीर लावाल तर तेही विसरा, हे मी फार वेळा पाहिलंय. नगरकडच्या हिवरे बाजार गावाने पाणलोटाची कामं केली हे सगळे सांगतात. त्याहून जड गोष्ट कोणी सांगत नाही, ती म्हणजे गावाने शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही असं ठरवलं आणि पाऊस मोजून त्या वर्षीची पिकं ठरवली. आमच्या तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखेंनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली तेव्हाही ऊस वर्ज्य होता आणि पाण्याचा वाटा जमिनीवर नाही, घरातल्या माणसांवर ठरत होता.

चांगल्या पावसातही विहीर अर्धीच राहत असेल तर मात्र मुरण्यात अडचण आहे. तुमच्या थराला पाणी कुठून मिळतं ते शोधा. ओढ्याच्या काठाने, चढाच्या बाजूला चालत जा. विहिरीच्या भिंतीत ज्या खोलीला झरा आहे तोच मांजऱ्या थर वर कुठे उघडा पडलाय ते बघा. लाव्ह्याचे थर जवळपास आडवे असल्याने तो बहुधा टेकडीच्या अंगाला सापडतो. बांध, चर, नाल्यातला गाळ काढणं, हे तिथे करायचं. ती जागा दुसऱ्याच्या मालकीची किंवा गायरान असण्याचीच शक्यता जास्त, म्हणजे ग्रामपंचायतीत बसावं लागेल.

विहिरीत ओढ्याचं पाणी सोडायचं असेल तर गाळणखड्डा हवाच: खाली मोठे दगड, वर खडी, त्यावर जाड वाळू. गढूळ पाणी थेट सोडलंत तर झऱ्यांची तोंडं गाळाने लिंपली जातात आणि पुढची तपासणी तुमच्या नशिबी येते.

जाता जाता एक: बोअरने पाणी उपसून प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात भरणं याला पुनर्भरण म्हणू नका. खडकात सावलीला असलेलं पाणी उन्हात आणून ठेवणं आहे ते.

तपासणी ६: गाळ आणि कच

इथून पैसे लागतात.

विहिरीचा तळ गाळाने भरला असेल तर मे महिन्यात काढून घ्या, झरे मोकळे होतात. बोअरमधून कच येत असेल, किंवा दोरी पूर्वी जायची त्यापेक्षा वीस-तीस फूट वरच टेकत असेल, तर आत माती बसलीय. कॉम्प्रेसर लावून फ्लशिंग करता येतं, म्हणजे हवेच्या दाबाने माती बाहेर काढता येते. मोटर आधी बाहेर काढा. खोल बोअरची मोटर चार माणसांच्या हातांनी काढायला जाऊ नका. पाइप सुटला की मोटर जाते आणि बोअरही जातं. चेनपुली किंवा क्रेनवाला बोलवा.

विहिरीत उतरताना एकट्याने कधीही उतरू नका. बंद, खोल विहिरीत खाली श्वास कोंडतो, वरून काही कळत नाही, आणि पहिल्याला वाचवायला उतरलेला दुसराही जातो. डिझेल इंजिन विहिरीच्या आत उतरवून चालवणं म्हणजे तर मरणाला आमंत्रण.

तपासणी ७: आडवे बोअर, खोदाई

विहिरीच्या तळाशी भिंतीत आडवे बोअर मारतात. बाजूच्या भेगा जोडल्या जातात, आवक वाढते. पण साठा वाढत नाही. तेच पाणी तुम्ही जास्त वेगाने ओढाल आणि शेजाऱ्याच्या बाजूला मारलंत तर त्याचं ओढाल. दुसऱ्या तपासणीत "पातळी चांगली, भरणं सावकाश" असं निघालं असेल तरच हे करा.

खोली वाढवायची तर आधी तळाला काय आहे ते बघा. मुरूम किंवा मांजऱ्या असेल तर फायदा होऊ शकतो. काळा पाषाण लागला असेल तर त्याखाली आणखी किती पाषाण आहे हे वरून कोणालाच दिसत नाही. सुरुंग परवानाधारकाचेच. "गावातला एक जण लावतो" हे चालणार नाही.

तपासणी ८: नवं बोअर

लोक सुरुवात इथून करतात, म्हणून मी हे मुद्दाम तळाला ठेवलं. दारात तमिळनाडू पासिंगची बोअरची गाडी उभी असते, फुटामागे दर ठरलेला असतो, आणि दोनशे फुटांवर धुरळा उडत असताना "अजून पन्नास मारू का?" हा प्रश्न रात्री अकरा वाजता विचारला जातो. त्या वेळी "नको" म्हणायला काळीज लागतं. मी म्हणू शकलो नव्हतो. तिसरं बोअर ४२० फुटांवर थांबवलं, पैसे संपले म्हणून. बेसाल्टमध्ये जितकं खोल जाल तितक्या भेगा साधारणपणे कमी आणि आवळलेल्या. खाली लागलंच तर ते पाणी भरायला फार काळ लागलेला असतो, आणि पुढच्या पावसात ते परत भरेल याची खात्री नसते.

कायदाही बघा. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर किंवा बोअर घेता येत नाही. राज्याचा २००९ चा भूजल कायदा २०१४ पासून लागू आहे. त्यात ६० मीटर, म्हणजे सुमारे दोनशे फूट आणि त्याहून खोल जाणाऱ्या विहिरींवर निर्बंध आहेत आणि बोअरच्या गाड्यांना नोंदणी सक्तीची आहे.

कुठे थांबायचं

पहिल्या पाच तपासण्या कोणीही करू शकतो. पुढीलपैकी काही असेल तर मात्र हात थांबवा: बोअरमध्ये रात्रंदिवस पाणी पडतंय, पाण्याची चव किंवा रंग बदललाय, शिवारातल्या सगळ्याच विहिरी एका वर्षात बसल्यात, किंवा नवी जागा ठरवायची आहे. भूजल यंत्रणेची कार्यालयं जिल्ह्याच्या ठिकाणी आहेत, तिथे भूवैज्ञानिक असतात. ते जमिनीत वीजप्रवाह सोडून खडकाचा विरोध मोजतात आणि त्यावरून भिजलेला थर कुठे असू शकेल हे सांगतात. खात्री तेही देत नाहीत. जो शंभर टक्के खात्री देतो त्याला चहा पाजून परत पाठवा.

त्यांच्याकडे जाताना वही न्या: वर्षभराच्या पातळ्या, उतरण्या-भरण्याचे वेळ, विहिरीची खोली, केसिंग किती फूट, बोअर घेताना कुठल्या फुटाला कसला चुरा आला. तांबडा चुरा आल्याची खोली आठवत असेल तर ती तर नक्कीच लिहा. हे हातात असलं की त्यांचं निम्मं काम झालेलं असतं.

आणि जे बोअर कोरडं गेलं ते उघडं ठेवू नका. सोडून दिलेलं बोअर तळापासून जमिनीपर्यंत माती-दगडांनी भरून घ्यावं असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितलंय. नुसतं पोतं टाकून वर दगड ठेवलेली बोअर मी आजही बांधाबांधावर बघतो. पुढे कधी वापरायचं असेल तर केसिंगवर लोखंडी पत्रा वेल्ड करून घ्या. त्या कामाला मला बोलवलंत तर मजुरी घेत नाही.